न लागलेला निकाल

धुऱ्याचा वाद गावातच बसून मिटवायचा ठरला की पंच कोणाला करायचे यावर बरीच घासाघीस होते. पण ज्या दोघांचा धुरा आहे त्यांच्यापैकीच एकाला पंच करा, असे कोणी सुचवत नाही. न्यायाची ही पहिली पायरी आहे आणि ती कळायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. तरीही मोठमोठ्या सत्तांना ती चढवत नाही. रिसोड तालुक्यातले केनवड ज्या वऱ्हाडात येते, त्या वऱ्हाडाचाच एक दावा पाऊणशे वर्षे चालला आणि त्यात प्रतिवादीच न्यायाधीश होता. तो दावा सर्वांत चिकाटीने लढवणारे गृहस्थ होते हैदराबाद राज्याची न्यायालये नव्याने उभारणारे दिवाण, पहिले सालारजंग.

आजच्या नकाशावरही त्या दाव्याची खूण आहे. रिसोड तालुक्याला एकीकडे बुलढाणा जिल्हा लागतो, तर दुसरीकडे हिंगोलीचा सेनगाव तालुका. केनवडचा खटला रिसोड, वाशिम असे टप्पे घेत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातो. सेनगावचा खटला हिंगोलीवरून औरंगाबाद खंडपीठाकडे. शेत सारखे, पीक सारखे, सोयरीक एकमेकांत. पण अपिलाची वाट वेगळी. या दोन वाटा १८५३ साली फुटल्या. निजामाने पोसायच्या पण इंग्रजांच्या हाताखाली असलेल्या ‘कंटिन्जंट’ फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने २१ मे रोजी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. पुढे दहाच दिवसांत मीर तुराब अली खान, म्हणजे सालारजंग, दिवाण झाले. वय २४. वाशिम, रिसोड, मेहकर हा सारा मुलूख नुकताच हातचा गेलेला, तिजोरी रिकामी, आणि उरलेल्या राज्यात अरब व रोहिले सरदारांची दहशत.

न्यायाची स्थिती याहून वेगळी नव्हती. सारावसुली मक्त्याने दिलेली असे. ज्याने मक्ता घेतला तोच वसुली करी, तोच तक्रार ऐके, तोच शिक्षा देई. शहरात काझी आणि कोतवाल, जहागिरीत जहागीरदार. रयतेने फिर्याद करायची ती ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याचकडे. सालारजंगांनी मक्त्याची पद्धत हळूहळू मोडून पगारी अधिकारी नेमायला सुरुवात केली. १८६५ पासून ‘जिल्हाबंदी’ झाली, राज्याचे जिल्हे आखले गेले. नंतर महसूल, न्याय, पोलीस आणि संकीर्ण अशी खाती वेगळी करून प्रत्येकावर एकेक सदर-उल-महाम नेमला. खालच्या कचेरीचा निवाडा पटला नाही तर वर दाद मागता यावी, अशी अपिलाची उतरंड तयार झाली. उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे त्यांनी मुद्दाम आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन ही त्यांतली नावे.

या सुधारणेचा गाभा इमारतीत किंवा नव्या हुद्द्यांत नव्हता. न्याय देणाऱ्याचे पोट वसुलीवर अवलंबून राहू नये, हा तो गाभा. पगार मिळाला म्हणून कोणी आपोआप प्रामाणिक होत नाही, पण निवाडा विकण्याची त्याची गरज तरी कमी होते. बाकी तडजोडी पुष्कळ राहिल्या. निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फ-ए-खास, पायगा सरदारांचे मुलूख आणि बड्या जहागिऱ्या यांचा कारभार निराळाच चालू राहिला. सालारजंगांचे स्वतःचे घराणेही जहागीरदारांचेच. कचेरीची भाषा आधी फारसी आणि त्यांच्या मृत्यूनंतर उर्दू. सेनगावच्या मराठी शेतकऱ्याला दोन्ही परक्या. न्यायखाते कारभारापासून खऱ्या अर्थाने वेगळे काढण्याचा हुकूम व्हायला १९२१ साल उजाडले.

सीमेच्या अलीकडे इंग्रजी अमलात फार निराळे होते असेही नाही. वऱ्हाडात कायदे छापील आले, खालच्या कचेरीत मराठी चालली, हे खरे. पण डेप्युटी कमिशनर सारा वसूल करी, फौजदारी खटले चालवी आणि दिवाणी कामही पाही. तहसीलदाराचेही तसेच. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री परराज्य. इंग्रजांच्या विधिमंडळाचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या हुकमाने तो लावावा लागे. केनवडचा माणूस निजामाचा प्रजाजन होता आणि त्याच्यावर हुकूम चाले कलकत्त्याचा.

सालारजंगांच्या आयुष्यातला विरोधाभास इथून सुरू होतो. १८५७ च्या उठावात त्यांनी हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राखले. त्यापायी त्यांच्यावर प्राणघातक हल्लाही झाला. बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने रायचूर दोआब आणि धाराशिव परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. त्यांनी पत्रे लिहिली, तहांची कलमे उलगडून दाखवली, फौजेच्या खर्चाला तारण म्हणून रोख रक्कम ठेवायची तयारी दाखवली. १८७६ साली ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने सन्माननीय पदवी दिली, लंडन शहराने मानपत्र दिले, मेजवान्या झाल्या. वऱ्हाडाचा विषय निघाला की यजमान गप्प. अखेर १८७८ मध्ये उत्तर आले: निजाम अज्ञान आहे, तो सज्ञान झाल्यावर पाहू. म्हणजे मुदत पडली. त्या निजामाला, मीर महबूब अली खानाला, पूर्ण अधिकार मिळाले फेब्रुवारी १८८४ मध्ये. सालारजंग त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये वारले. ज्याने इतरांसाठी अपिलाची पायरी बांधली, त्याच्या स्वतःच्या दाव्याला वरचे न्यायालयच नव्हते.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. पुढचा निजाम उस्मान अली याने १९२३ मध्ये विषय पुन्हा काढला, चौकशीसाठी आयोग मागितला. १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने कळवले की ब्रिटिश सत्ता सार्वभौम आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही. पक्षकाराने न्यायाधीश म्हणून दिलेला निकाल इतक्या उघडपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

सालारजंगांबद्दल हळहळ वाटते, पण त्यांच्या कैफियतीत एक मोठी उणीव आहे. तहाची कलमे होती, फौजेचा हिशेब होता, निजामाची प्रतिष्ठा होती. वऱ्हाडातला माणूस कुठेच नव्हता. निजामाकडे परत जायचे आहे का, हे केनवडच्या शेतकऱ्याला इंग्रजाने विचारले नाही आणि हैदराबादनेही नाही. कदाचित तो नको म्हणाला असता. कापूस, रेल्वे आणि मराठी कचेरी त्याच्या अंगवळणी पडली होती. कदाचित दोघेही नकोत म्हणाला असता. जमीन दाव्यात, पण जमिनीवरचा माणूस दाव्यात नाही. न्यायालयांचा सुधारकही या बाबतीत आपल्या काळाच्या पलीकडे गेला नाही.

आता यातले काय बदलले? पुष्कळ काही. न्यायव्यवस्था कारभारापासून वेगळी करा, असे संविधानाचा अनुच्छेद ५० राज्याला सांगतो. दोन राज्यांचा तंटा अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. नागरिक सरकारवर दावा लावू शकतो. धुऱ्यावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे आजही तहसीलदारच ठरवतो, म्हणजे वसुली करणाराच निवाडा देतो. पण तो पटला नाही तर दिवाणी न्यायालयाचे दार उघडे आहे. सालारजंगांना जे मिळाले नाही, ते रिसोडच्या शेतकऱ्याला कायद्याने मिळालेले आहे.

पण त्यांच्या दाव्यातला दुसरा रोग गेलेला नाही. महाराष्ट्राने कर्नाटकाशी असलेल्या सीमावादाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तो अजून तिथेच आहे. इथे न्यायाधीश पक्षकार नाही, बाजू मांडायची मोकळीक आहे, फक्त निकाल नाही. सीमाभागात तेव्हा जन्मलेली मुले आता मतदार झाली. १८७८ चे ‘सज्ञान झाल्यावर पाहू’ आणि आजची ‘पुढील तारीख’ यांत हेतूचा फरक नक्कीच आहे. ज्याची उमर त्यात सरते, त्याला तो फरक फारसा जाणवत नाही.

न्यायव्यवस्था आधुनिक झाली का, हे पाहायला संगणक, नव्या इमारती आणि नवी खंडपीठे मोजण्याचा मोह होतो. त्यांचा उपयोग आहेच. कोल्हापूरला २०२५ मध्ये सर्किट बेंच आले तेव्हा सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण सालारजंगांचे चरित्र त्याहून कडक तीन प्रश्न विचारायला लावते. निवाडा देणारा त्या वादात गुंतलेला आहे का? ज्याचे नुकसान होणार आहे, त्याचे म्हणणे ऐकले गेले का? आणि निकाल त्याच्या हयातीत लागेल का? पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी तीस वर्षे झीज सोसली. दुसरा त्यांना सुचला नाही. तिसऱ्याने त्यांनाच हरवले. आपण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी लिहून ठेवले, दुसऱ्याचे कायद्यात आणले. तिसऱ्यापाशी आपणही त्यांच्याइतकेच अडलेलो आहोत, आणि आता त्याचा दोष द्यायला कोणी व्हाइसरॉय उरलेला नाही.