देवदार आणि आपला भाव



आज थोडं आपल्याच चुकीबद्दल लिहायचं आहे. नेहमी आपण सेवेचे, उत्सवाचे वृत्तांत वाचतो. चूक मात्र गुरुवारच्या आरतीनंतर प्रसादाच्या गडबडीत विसरून जातो. ही विसरू नये, म्हणून लिहून ठेवतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात आम्ही ग्वाल्हेरची काही मंडळी अल्मोड्याजवळच्या जागेश्वरला गेलो होतो. शंभराहून अधिक लहानमोठी प्राचीन देवळं, आणि त्यांच्या भोवती सरळ आभाळात गेलेले देवदार. वारा आला की वरून समुद्रासारखा आवाज येतो. कुणालाही बोलावंसं वाटेना. निघताना तिथल्या एका रोपवाटिकेतून आम्ही अकरा रोपं घेतली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून लष्करात आणली. दत्तजयंतीला अकरा घरांत प्रसाद म्हणून वाटली. भाव एकच, की देवाचं झाड आपल्या दारी असावं.

थंडीत रोपं छान होती. होळीपर्यंत नवी पालवीही दिसली. मग चैत्र गेला, वैशाख आला, लू सुटली. नौतपा संपेपर्यंत अकराही रोपं वाळली होती.

आम्ही हळहळलो आणि विसरलो. पण आमच्यातल्या एक काकू विसरल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले होते. त्या रोपाला त्या रोज पहाटे पाणी घालायच्या, जप करायच्या. रोप वाळून काडी झाली तरी दोन महिने पाणी घालत राहिल्या. एका गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या सेवेत काय कमी पडलं? प्रसाद माझ्याच घरी का टिकला नाही?" बाकीच्या दहा घरांतलीही रोपं गेली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला आपापलं लपवायचं होतं ना!

तिथून प्रश्न सुरू झाला. भाव शुद्ध असला की पुरतं का?

कुणी म्हणालं, भाव तसा देव. आपण श्रद्धेनं लावलं, पुढचं देवाच्या हाती. कुणी गीतेचा आधार दिला की कर्म करावं, फळाची आशा धरू नये. ऐकायला बरं वाटलं. पण नंतर लक्षात आलं, की फळाची आशा सोडायची ती आपण, आपल्यापुरती. इथे फळ भोगलं ते झाडानं आणि काकूंनी. आपल्या कर्माचा ताप दुसऱ्याला झाला, तर तिथे "फळाची आशा नाही" म्हणून सुटता येत नाही.

महाराजांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "जेठात दुपारी तुम्ही कुठे बसता?" एक जण म्हणाला, "कूलरपुढे, महाराज." महाराज हसले. म्हणाले, "आणि ते कुठे बसलं होतं?"

मग आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. झाडाबद्दल माहिती घेतली. देवदार हिमालयात साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर वाढतो. ग्वाल्हेर दोनशे मीटरच्या आसपास, आणि इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्याला थंडी, बर्फ, निचऱ्याची जमीन लागते. रोप लहान असताना सावली लागते. त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे कुंडीत फार काळ राहत नाही. मोठा झाला की चाळीस-पन्नास मीटर उंच जातो आणि शेकडो वर्षं जगतो. आपण त्याला गच्चीवर, बारा इंची कुंडीत बसवलं होतं!

आपले जे गुरुबंधू नैनिताल, अल्मोडा, सिमल्याकडे राहतात, त्यांनी मात्र जरूर लावावा. शंकू पिकून आपोआप सुटतात तेव्हा पंखाचं बी मिळतं. ते ओल्या रेतीत दोन-तीन आठवडे थंडीत ठेवून मग पेरलं तर चांगलं उगवतं. मुळाला धक्का लावू नये, पाणी साचू देऊ नये, आणि जागा पणतवंडांचा विचार करून निवडावी.

मैदानात राहणाऱ्या आपल्याकडे देवदार नाही असं थोडंच आहे? काष्ठौषधीच्या दुकानातला तेल्या देवदार आपल्या आज्या ओळखत. बाळंतिणीच्या काढ्यात तो असे (घ्यायचा तर वैद्यांना विचारूनच). धुपात त्याचा चुरा असतो. त्याच्या तेलकट, सुगंधी गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. म्हणून हिमाचलात दगडाच्या थरांमध्ये देवदाराच्या तुळया घालून घरं बांधली, मनालीचं हिडिंबेचं देऊळ 1553 मध्ये त्याच लाकडानं उभं राहिलं, काश्मिरात हाउसबोटी झाल्या. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या रुळांखाली घालायला देवदाराची जंगलंच्या जंगलं तोडली गेली. म्हणजे झाड आपल्यापर्यंत आधीच आलेलं आहे. आपण त्याच्यापर्यंत पोचलो का, एवढाच प्रश्न.

कालिदासाच्या रघुवंशात दुसऱ्या सर्गात एक देवदार आहे. शंकरानं त्याला पुत्र मानलं, पार्वतीमातेनं लेकरासारखं वाढवलं. एका रानहत्तीनं अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा मातेला कार्तिकेयाला जखम झाल्यासारखं दुःख झालं. मग राखणीला सिंह बसवला. झाड मात्र होतं तिथेच राहिलं, हिमालयाच्या कुशीत. माया करणारी त्याच्याकडे गेली. आम्ही उलट केलं. माया आमची, आणि प्रवास त्याला करायला लावला.

हे फक्त अकरा रोपांचं नाही. 2024 मध्ये जागेश्वरच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी देवदारांवर तोडीच्या खुणा झाल्या आणि गावकरी विरोधात उभे राहिले. रस्ता रुंद कुणासाठी? आपल्यासारख्या यात्रेकरूंच्या गाड्यांसाठीच ना? दर्शनाचा भाव आपला खराच, पण त्याची किंमत कोण देतं हे पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा स्वभाव जाणून घेणं, ही त्या प्रेमातली पहिली सेवा. माणसाच्या बाबतीतही हेच. सुनेला, नातवाला, म्हाताऱ्या वडिलांना आपल्या आवडीच्या कुंडीत बसवून वर आपण म्हणतो, "आम्ही तर प्रेमानंच केलं."

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही दहाही घरची मंडळी काकूंकडे गेलो आणि खरं सांगितलं. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. आमचंही रोप गेलं. न विचारता आणलं ती चूक आमची." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत तर दोन महिने मी स्वतःला दोष दिला नसता." याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता वाटायचं ते इथलंच झाड वाटतो. कडुनिंब, चिंच, अर्जुन, तेही घर पाहून, जागा पाहून, पाणी कोण घालणार ते विचारून. ग्वाल्हेरला चिंचेचं वेगळं सांगायला नको, तानसेनाच्या समाधीशेजारच्या चिंचेचा पाला गवई आजही श्रद्धेनं तोंडात टाकतात. काकूंनी चिंच घेतली आहे. कुंडीत नाही, मागच्या अंगणात. यंदाचा नौतपा तिनं काढला.

या दत्तजयंतीला कुणाला काही भेट द्यायची असेल, तर आधी एक प्रश्न विचारूया. याला काय सोसतं?

जय गुरुदेव 🙏