न केलेल्या कामाचे मोल

कार्यालयात आमच्या हाताखालून रोज देयके जातात. पैसे कशाबद्दल द्यावयाचे, हे प्रत्येक देयकावर लिहिलेले असावेच लागते. माल आला, काम झाले, प्रवास घडला, असा काहीतरी दाखला हवा. नाहीतर लेखा विभाग ते आक्षेपासह परत पाठवितो. म्हणूनच केरळ सरकारची एक योजना प्रथम कानी आली तेव्हा आमच्यातला कारकून बिचकला. भाताचे शेत न बुजविता ते शेतच ठेवणाऱ्या जमीनमालकास हे सरकार नोव्हेंबर २०२० पासून ‘रॉयल्टी’ देऊ लागले. आरंभी तिचा दर वर्षाला हेक्टरी २००० रुपये होता. शेतात मातीचा भराव टाकला नाही, याबद्दल पैसे! असे देयक आमच्या मेजावर आले असते, तर आम्ही त्यावर काय शेरा मारला असता?

योजनेचे कारण समजण्यास येथील शेत पाहावे लागते. केरळातील सखल भातशेत ही केवळ भात पिकविण्याची जागा नव्हे. पावसाचे पाणी तेथे थांबते, मुरते आणि आसपासच्या विहिरींना पुरते. कोचीच्या भोवती ‘पोक्काळी’ नावाची खाऱ्या पाण्याच्या काठची शेते आहेत. त्यांत पावसाळ्यात खारेपणा सोसणारे भात उभे असते आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी वाढते. १९७४-७५ च्या सुमारास राज्यात भाताखाली सुमारे ८.८ लाख हेक्टर जमीन होती; आज ती २ लाखांच्या आसपास आहे. उरलेल्या जमिनीवर नारळीच्या बागा झाल्या, रस्ते आले, घरे उठली. हे थांबविण्यासाठी राज्याने २००८ साली कायदा केला आणि भातशेत व पाणथळ जागा बुजविण्यास बंदी घातली.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. जे करण्यास कायद्यानेच मनाई आहे, ते न केल्याबद्दल बक्षीस कसले? चोरी न करणाऱ्यास कोणी वेतन देत नाही. शिवाय कर्तव्याला एकदा किंमत लागली, की किंमत बंद होताच कर्तव्यही बंद पडते. हा आक्षेप दुबळा नाही, आणि आम्हीही प्रथम त्याच बाजूचे होतो.

परंतु चोरीची उपमा येथे पुरती लागू पडत नाही. चोर दुसऱ्याचे घेतो. हा मनुष्य स्वतःच्या जमिनीचा लाभ सोडतो. शेजारचा भूखंड सोन्याच्या भावाने विकला जात असता हा भाताच्या उत्पन्नावर राहतो, आणि विहिरीचे पाणी मात्र साऱ्या गावाला मिळते. तोटा एकाचा आणि लाभ सर्वांचा, अशी ही वाटणी आहे. अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील मध्यवर्ती सरकारने १८५० च्या कायद्याने दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, त्या निचरा करून लागवडीस आणाव्यात म्हणून. १९८० च्या दशकापर्यंत अलास्का व हवाई वगळता त्या देशातील निम्म्याहून अधिक पाणथळ नाहीशी झाली होती. मग १९८५ साली पाणथळ मोडून पीक घेणाऱ्याचे सरकारी साहाय्य तोडण्यात आले, आणि १९९० च्या कायद्याने जमीन पुन्हा पाणथळ करून राखणाऱ्या मालकास मोबदला देण्याची योजना आणली. कायमचा हक्क लिहून देणाऱ्यास अधिक, तीस वर्षांपुरता देणाऱ्यास कमी. ज्या राज्यसंस्थेने पिढ्यान्‌पिढ्या दलदल म्हणजे निरुपयोगी भूमी असे शिकविले, तिने एके दिवशी शेतकऱ्यासच अपराधी ठरवून मोकळे व्हावे, हे न्यायाचे झाले नसते.

आमचे मत मात्र अमेरिकेमुळे बदलले नाही. ते बदलले आमच्या घरमालकांमुळे. कोचीत आम्ही ज्या घरी भाड्याने राहतो, तेथे आषाढात पायरीपर्यंत पाणी चढते. एकदा त्याविषयी तक्रारीच्या सुरात बोललो, तेव्हा ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “पाणी आपल्या जागी आले आहे. हे माझ्या वडिलांचे भातशेत होते.” आम्ही निरुत्तर झालो. आमचे एका महिन्याचे भाडे त्या हेक्टरभर शेताच्या वर्षाच्या रॉयल्टीच्या कित्येक पट आहे. बदलीवर येणाऱ्या आमच्यासारख्यांना घरे हवीत, म्हणूनच शेते बुजतात. आणि नंतर उरलेल्या शेतांच्या मालकांना कर्तव्याचे पाठ द्यावयाचे, तेही आम्हीच. आयत्या बिळावर बसलेल्या नागोबाने बीळ खणणाऱ्याला नीती शिकवावी, तसे हे आहे.

तेव्हा देयकावर काय लिहावे, हे आता आम्हांस उमगते. ‘शेत बुजविले नाही याबद्दल’ असे नव्हे, तर ‘आमच्या वाटचे पाणी सांभाळले याबद्दल’. हे सद्गुणाचे मूल्य नव्हे. ही ऋणाची कबुली आहे. मात्र कायदा नसेल, तर ही कबुली खंडणी होईल. आणि कबुली नसेल, तर कायदा एकाच्याच खांद्यावरचे ओझे होईल.

तरीही एक शल्य उरतेच. पैसा जमिनीच्या कागदांवर नाव असलेल्यास मिळतो. चिखलात वाकून रोपे लावणारी स्त्री, पुष्कळदा मालकाहून निराळा असलेला कसणारा, पाटात जाळे टाकणारा कोळी, यांचे नाव तेथे नसते. शेत विकण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचीच मनधरणी होते. ज्यांच्या श्रमाने ते शेत राहिले त्यांची नव्हे. या ऋणाचे देयक अद्याप कोणी तयार केलेले नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्तीनंतर गावाकडे किंवा पुण्या-ठाण्याजवळ जमिनीचा एखादा तुकडा घेण्याचे स्वप्न पाहत आहेत, आम्हीही पाहतो. तो पाहावयास जाऊ तेव्हा दर आणि दस्त तर विचारूच. पण पावसाळ्यात येथे पाणी कोठून येत असे, हेही एखाद्या वृद्धास विचारून घ्यावे. उत्तर ऐकून कदाचित तो तुकडा सोडून द्यावा लागेल. त्याबद्दल आपणांस रॉयल्टी कोणी देणार नाही.