मिटलेल्या नख्या

हे मनन दुपारी करावं. जेवणं उरकलेली असतात, भांडी घासून पालथी घातलेली असतात आणि घरातलं मांजर खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर गादीच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं असतं. त्याच्या शेजारी बसा. त्याला उठवू नका, उचलून मांडीवर घेऊ नका. हात पाठीवर अलगद ठेवा आणि तिथेच राहू द्या. बरगड्या वरखाली होताहेत. त्यांची लय आपल्या श्वासापेक्षा जलद आहे. तिच्याशी आपला श्वास जुळवायचा नाही. दोन जीव दोन लयींत श्वास घेताहेत, एवढंच हाताला कळू द्या.

आता पुढचा पंजा. मांजर लावू देत असेल तरच त्याला हात लावावा. बोट खालून-वरून चिमटीत धरून हलकेच दाबलं की नखी बाहेर येते. मुळाशी गुलाबी, पुढे काचेसारखी, टोकाला इतकी बारीक की टोक नेमकं कुठे संपतं ते दिसत नाही. दाब सोडला की आत जाते. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार, अशा अठरा नख्या. चालताना त्या आत मिटलेल्या असतात, म्हणून झिजत नाहीत आणि फरशीवर वाजतही नाहीत. दबक्या पावलांचं आपण कौतुक करतो, ती पावलं कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून तशी आहेत, हे नखी बोटांत असतानाच मनात येऊ द्या. घाई नको.

मग मिशांकडे बघा. मांजराला वीतभर अंतराच्या आतलं नीट दिसत नाही. भक्ष्य तोंडाशी आलं की ते त्याच्या डोळ्यांना धूसर होतं. झडप घालतानाच मिशा पुढे वळतात आणि उंदीर कुठे आहे, मान कोणत्या बाजूला आहे, हे स्पर्शाने सांगतात. सुळे मानेच्या मणक्यांमधल्या फटीत शिरतात. कान पाहा, झोपेतही त्यातला एखादा मागे वळतो. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60 हजारांच्याही पुढचा. उंदराची पिल्लं आईला ज्या आवाजात हाका मारतात तो आपल्याला कधीच ऐकू येत नाही, मांजराला येतो. म्हणजे तुम्हाला या घटकेला शांत वाटणारं घर त्याला शांत नाही. इथे थोडं थांबा आणि ते न ऐकू येणारं घर ऐकायचा प्रयत्न करा. माळा, मोरी, कपाटामागची फट.

पाठीवरचा हात अजून तिथेच आहे ना? मऊ केसांखाली हे सगळं आहे. मी अनेकांना म्हणताना ऐकलंय, ‘आमची मनी इतकी गरीब, पण त्या वेळी तिच्या अंगात काय संचारतं कोण जाणे!’ संचारत काहीच नाही. मांडीवर घुरघुरणारी आणि उंदरावर तुटून पडणारी, अशा दोन मनी नाहीत. आपल्याला त्यातली एक हवी असते आणि दुसरी नको असते, म्हणून आपण त्या दोन करतो. या मननात तेवढं करायचं टाळायचं आहे.

आणि खरं तर आपण आधी हवी म्हटली ती शिकार करणारीच. सायप्रस बेटावर शिलूरोकॅम्बोस इथे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं, 2004 मध्ये ते जगापुढे आलं. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर सुमारे आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. कुणीतरी त्यांना होडीतून नेलेलं होतं. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. आपल्या कणग्यांभोवतीही हेच घडत आलं. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे देशभर पसरला, तेव्हा उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा हा घराघरांतला प्रश्न झाला. अमरावतीत असलेले सरकारी डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं ते मांजरं पाळण्याच्या बाजूने, प्लेग रोखण्याचा उपाय म्हणून. हा पंजा आपल्या दाराशी कशासाठी ठेवून घेतला होता, हे आपण विसरलो, पंजा विसरलेला नाही.

आता डोळे मिटा आणि एक सकाळ आठवा. मांजर पाळलेल्या प्रत्येक घरात ती येऊन गेलेली असते. दार उघडलं आणि उंबऱ्याशी काहीतरी पडलेलं आहे. किंचाळू नका, मांजरावर हात उगारू नका, केरसुणी आणायलाही धावू नका. आधी बघा.

समजा ती चिचुंद्री आहे. लांब नाक, मखमली राखाडी अंग, आणि तो उग्र दर्प. अंगावर दाताची खूण आहे, पण एक घासही खाल्लेला नाही. मांजरं चिचुंद्री मारतात आणि सोडून देतात. मग मारली कशाला? इथे आपल्या मनात ‘दुष्ट’ हा शब्द येतो. त्याला ढकलू नका, पण त्याच्या मागे जाऊही नका. 1976 मध्ये रॉबर्ट अडॅमेक या संशोधकाने आवडीचं खाणं खात असलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर आणला. मांजरांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला आणि परत येऊन आपलं खाणं पुढे सुरू केलं. भूक आणि शिकार या त्यांच्या अंगात वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी आहेत. ते बरोबरही आहे. एका उंदराने दिवस निघत नाही आणि अनेक झडपा वाया जातात. भूक लागल्यावरच उठणाऱ्या रानमांजराला उशीर झाला असता.

आणि तो जीवघेणा खेळ? मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव, असं आपण म्हणतो. एकदा हा खेळ शेवटपर्यंत बघा, सोपं नाही, तरी बघा. मोठा उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, दात दाखवतो. मांजर पंजा मारतं आणि पटकन मागे सरतं. तोंड पुढे नेतं, पुन्हा सरतं. त्या उंदराचा चावा डोळ्याला किंवा ओठाला बसला तर काय होईल, हे त्याच्या अंगाला ठाऊक आहे. भक्ष्य मोठं आणि पोट फार रिकामं नसलं की हे लांबतं. त्यात मजा किती, भीती किती, हे मला वेगळं करता येत नाही. पण छळाचा हेतू मला त्यात दिसत नाही. समोरच्याला दुखतंय हे जाणून दुखवणं, हे माणसाला जमतं.

आता जे अवघड आहे तिथे जाऊ. उंबऱ्याशी उंदीर नाही, बुलबुलाचं पिल्लू आहे.

उन्हाळा लागला की बुलबुल आणि दयाळ वीण करतात. बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आत घरट्यातून बाहेर पडतात, एक-दोन दिवस झुडपात, जमिनीलगत भिरभिरत राहतात आणि आई-बाप तिथे येऊन भरवतात. मांजराला याहून सोपं काय मिळणार? पिल्लू तळहातावर घ्या. वजन जवळजवळ नाहीच. शेपूट आखूड, चोचीच्या कडा अजून पिवळट. बाहेर मोगऱ्याच्या वेलीवर आई-बाप ओरडताहेत आणि एकाच्या चोचीत अळी आहे. ती अळी भरवायला आणलेली आहे. इथे बराच वेळ थांबा. सृष्टीचा नियम, चालायचंच, असं काही मनाला सांगू नका. नियम खराच आहे, पण तो सांगितला की आपण पिल्लाकडे बघायचं थांबतो. शिवाय हे निव्वळ सृष्टीचं नाहीच. या बागेत हे मांजर आपण आणलं, त्याला खाऊ घालून, लस देऊन धडधाकट ठेवलं. रानात शिकार कमी झाली की शिकारीही कमी होतात. आपल्या मांजराची वाटी मात्र भरलेली असते. मांजराचा दोष नाही आणि तरी कुणीतरी या पिल्लाचं देणं लागतं, या दोन्ही गोष्टी एकदम धरून बसता येतं का, ते पाहा. मला या मननाचा गाभा इथे वाटतो.

कित्येक शाकाहारी घरांत मांजराला दूधभात, दूधपोळी मिळते. प्रेमाने मिळते. पण मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच लागतं. ते दीर्घकाळ कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. दूधही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही. दूधभातावर ठेवलेलं मांजर उरलेलं कुंपणापलीकडून मिळवणार. आपल्या ताटात जीव नको म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याने मांजर आणण्याआधी या गोष्टीपाशी बसावं असं वाटतं. बांगड्याचं डोकं असो की दुकानातलं तयार खाणं, मांस कुठून तरी येणारच. आपल्या हातून येऊ द्यायचं की बुलबुलाच्या घरट्यातून, एवढंच आपल्याकडे आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एक्सेटर विद्यापीठाने साडेतीनशेच्या आसपास मांजरांची पाहणी केली. ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेने काही फरक पडलेला दिसला नाही. हे आकडे वाचून मला फार बरं वाटलं, कारण त्यात मांजराला मारझोड नाही, नख्या काढणं नाही. पिल्लं बाहेर पडायच्या त्या काही आठवड्यांत पहाटे आणि तिन्हीसांजेला दार लावून घ्यावं. शिकारीच्या त्याच वेळा. आणि घरात उंदरांचं विष असेल तर ते आजच काढा. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरू शकतं.

आता हात पाठीवरून काढून घ्या. मांजर जागं झालं असेल, पाठ कमानीसारखी ताणत असेल. हिराच्या काडीला दोरा बांधा, टोकाला चिंधी किंवा गळून पडलेलं पीस. ते मांजराच्या तोंडावर नाचवू नका, कुठलाही उंदीर मांजराच्या दिशेने धावत नाही. त्याच्यापासून दूर न्या, दाराआड अर्धं लपवा आणि थांबवा. मांजर पोट जमिनीला टेकवेल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतील, मागचे पाय जागच्या जागी चाळवतील. वाट बघू द्या. काही वेळा हुकू द्या. शेवटी चिंधी त्याच्या पंजांत सापडू द्या, दात रोवू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. ओढून घेऊ नका. ते सोडेल तेव्हा लगेच वाटीत खाणं वाढा. दोरा मात्र आठवणीने कपाटात ठेवा. मांजराने गिळला तर तो आतड्यात अडकतो.