सोसण्याचे मोल कोणी सांगावे?

दुबईत राहणाऱ्या आम्हा चार कुटुंबांचा शब्बाथ अजूनही काळ्या मनुकांच्या शरबतावरच येतो. सकाळी मनुका धुऊन भिजत घालायच्या, दुपारी हाताने कुस्करून गाळायच्या आणि संध्याकाळी त्या रसावर किद्दूश म्हणायचा, ही कोकणातल्या वाडवडिलांची रीत आम्ही इथेही सोडलेली नाही. मध्यंतरी एका शुक्रवारी आलेल्या पाहुण्यांनी कोशर लाल वाईनची बाटली आणली. पेले भरताना ते म्हणाले, "ज्या वर्षी वेलीला त्रास होतो, त्या वर्षीची वाईन उत्तम. माणसाचेही तसेच आहे." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "गारपिटीत बाग गेलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे सांगाल का?" कोणालाच उत्तर सुचले नाही. तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पाहुण्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीनच असतो. लाल रंग आणि तुरटपणा असतो तो सालीत. पाणी थोडे कमी पडले की मणी लहान राहतात, रसाच्या मानाने साल अधिक येते आणि वाईन गडद व भरीव होते. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात १९६१ साली वसंतातील थंडीने फुलोरा गळाला, पुढे उन्हाळा कोरडा गेला. पीक अगदी थोडे आले, पण त्या वर्षीची लाल वाईन विसाव्या शतकातील उत्तम वाइनमध्ये गणली जाते.

पण मावशींचे म्हणणेही खरेच. त्याच बोर्दोत पाच वर्षे आधी, फेब्रुवारी १९५६ मध्ये, अशी कडाक्याची थंडी पडली की असंख्य वेली मुळापासून मेल्या. त्या संकटातून कोणती उत्तम वाईन निघाली? आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा काढणीला आलेली द्राक्षे मातीत गेली. त्या शेतकऱ्यांच्या हाती कर्ज तेवढे राहिले.

मग फरक कशात आहे? आपल्या बागाईतदारांकडे त्यासाठी एक चांगला शब्द आहे: ताण. नाशिकच्या वेलीला थंड मुलखासारखी हिवाळ्याची झोप मिळत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पाणीही मोजून देतात. हा त्रासच आहे, पण देणारा रोज बागेत उभा असतो. ताण हद्दीबाहेर गेला तर पाने आपली छिद्रे मिटून घेतात आणि मण्यात साखर भरणे थांबते, हे त्याला ठाऊक असते. ती वेळ येण्याआधीच तो पाणी सोडतो.

आम्ही राहतो त्या देशातही ही हद्द कायद्याने आखलेली आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. उन्हाने माणूस कणखर होतो, असे म्हणून इमारतीवरच्या मजुराला कोणी उभे ठेवू नये, म्हणूनच हा नियम.

आपल्या समाजातही "आम्ही हाल सोसले म्हणून घडलो" हे वाक्य वारंवार ऐकू येते. इस्राएलात पहिल्या वर्षांत ज्यांनी तंबूत आणि पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढले, त्यांना ते म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण १९५२ साली आपल्यातीलच काही मंडळी त्या दिवसांना कंटाळून भारतात परत गेली. त्यांना आपण हिशेबात धरतो का? जी बाटली मेजावर पोचली तिचीच चव आपण घेतो आणि तिच्यावरून साऱ्या मोसमाची स्तुती करतो. जे वेल मेले त्यांची चव कोण सांगणार?

म्हणून आम्हांला असे वाटते की, सोसण्याचे मोल ज्याने सोसले त्यानेच सांगावे, आणि तेही मागाहून. दुसरा सोशीत असताना आपले काम पाणी देण्याचे आहे. नोकरी गेलेला मुलगा किंवा नव्या देशात भांबावलेली सून दारी आली, तर "याने तू घडशील" हा उपदेश आवरावा आणि आधी ताट वाढावे.

त्या रात्री वाईन संपली, पण मुलांनी किद्दूशनंतर मागितले ते मनुकांचेच शरबत. मनुका म्हणजे उन्हात पुरते वाळलेले द्राक्ष. त्याची गोडी वाळण्यातून आली हे खरे. पण सकाळी आठवणीने कोणी पाणी घातले नसते, तर संध्याकाळी पेला रिकामाच राहिला असता.