उताऱ्याचे ऋण : उत्कंठाप्रधान कादंबरीच्या अध्यापनातील एक नैतिक प्रश्न

परभाषेच्या वर्गात साहित्यकृती येते ती बहुधा उताऱ्याच्या रूपाने. विडोसन यांच्या ‘स्टायलिस्टिक्स अँड द टीचिंग ऑफ लिटरेचर’ (१९७५) या ग्रंथापासून भाषाशिक्षणातील साहित्याच्या स्थानाविषयी पुष्कळ चर्चा झाली; परंतु त्या चर्चेचा भर मुख्यतः उपयुक्ततेवर राहिला. उताऱ्याने शब्दसंपदा वाढते काय, शैलीची जाण येते काय, हे प्रश्न विचारले गेले. उतारा कापण्याच्या कृतीला काही नैतिक बाजू आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो. तो सर्वांत तीव्रपणे जाणवतो उत्कंठाप्रधान कादंबरीच्या बाबतीत. कारण अशा कादंबरीचे प्रत्येक पान वाचकाला पुढच्या पानाचे वचन देत असते. वचन लेखकाचे, आणि ते अर्ध्यावर तोडणारा हात अध्यापकाचा. या स्थितीत अध्यापक विद्यार्थ्याचे काही देणे लागतो काय?

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची ‘रिबेका’ (१९३८) ही कादंबरी प्रगत विद्यार्थ्यांना शिकविण्यास अनेक दृष्टींनी सोयीची आहे. तिच्यातील एक प्रसंग तर उताऱ्यासाठीच घडविला आहे असे वाटावे. मँडर्लीतील वेषभूषा-नृत्याची रात्र नामुष्कीत संपली आहे. मॅक्सिम द विंटरची दुसरी पत्नी, म्हणजे कादंबरीची अनामिक निवेदिका, दुसऱ्या दिवशी पहिल्या पत्नीच्या, रिबेकाच्या, खोलीत मिसेस डॅनव्हर्ससमोर उभी आहे. खिडकी उघडी आहे, बाहेर धुके आहे, आणि डॅनव्हर्स तिला खाली उडी टाकण्यास हळुवारपणे प्रवृत्त करीत आहे. तेवढ्यात समुद्राच्या दिशेने स्फोटाचे आवाज येतात. एखादे जहाज संकटात सापडल्याची ती खूण असते. येथे उतारा थांबतो, आणि खाली प्रश्न छापलेले असतात : पुढे काय घडले असेल? डॅनव्हर्सचा हेतू कोणता असावा?

या उताऱ्यावर प्रास्ताविक टीप लिहावीच लागते. तिच्यावाचून रिबेका कोण हेच विद्यार्थ्याला कळणार नाही. ही दोन-तीन ओळींची टीप लिहिताना अध्यापक एका पेचात सापडतो. ‘मॅक्सिमची पहिली पत्नी नाव बुडून मरण पावली’ असे त्याने लिहिले, तर ते कादंबरीच्या त्या टप्प्यावर निवेदिकेला जे ठाऊक आहे त्याच्याशी जुळते. पण ते असत्य आहे. मॅक्सिमने तिला गोळी घातली आणि प्रेत नावेत ठेवून नाव बुडविली, हे पुढे उघड होते. ‘पतीने तिचा खून केला’ असे लिहिले, तर टीप खरी होते आणि उतारा मरतो. ‘दिवंगत पत्नी’ एवढेच लिहिले, तर असत्य टळते. परंतु लपवाछपवी टळत नाही. निर्दोष वाटणारा हा तिसरा मार्ग निवेदिकेचाच मार्ग आहे. सर्व काही घडून गेल्यानंतर ती मागे वळून कथा सांगते. तिला शेवट ठाऊक आहे, तरी ती तो राखून ठेवते. तात्पर्य, टीप लिहिणारा अध्यापक इच्छा असो वा नसो, निवेदकाच्या भूमिकेत शिरतो.

मग निवेदिकेला जे क्षम्य, ते अध्यापकाला का नसावे? रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’ (१९७०) मध्ये कूटप्रश्नाच्या संकेतव्यूहाचे विवेचन करताना कथेतील विलंबाचे प्रकार वेगळे केले : चकवा, द्व्यर्थता, अर्धे उत्तर, स्थगिती. हे सारे अखेर सत्य उघड होण्याच्या अपेक्षेने एका सूत्रात बांधलेले असतात. विलंबाला नैतिक आधार मिळतो तो या अपेक्षेमुळे. कादंबरीकार वाचकाकडून विश्वास उसना घेतो आणि शेवटी तो फेडतो. अध्यापकाच्या विलंबाला असा शेवट नसतो. घंटा वाजते, पुढच्या तासाला वेगळा उतारा येतो. निवेदिकेची स्थगिती अध्यापकाच्या हाती केवळ अपूर्तता होते.

यावर सोपा उपाय सुचविला जाईल : तासाच्या अखेरीस शेवट सांगून टाकावा. परंतु ‘रिबेका’चा शेवट म्हणजे नेमके काय? खुनाची कबुली ऐकताना निवेदिकेच्या मनात प्रथम जे उमटते ते भय नव्हे, सुटकेची भावना होय : मॅक्सिमचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते! तिच्या सहवासात दीर्घ काळ घालविलेला वाचकही नकळत त्या सुटकेत सामील होतो. मॅक्सिम कायद्याच्या तावडीतून निसटावा अशी इच्छा करू लागतो, आणि तो निसटतोही. ही इच्छा किती अडचणीची होती याचा पुरावा १९४० च्या हिचकॉकच्या चित्रपटात मिळतो. खुनी पती शिक्षेवाचून सुटलेला त्या काळच्या अमेरिकी चित्रपटसंहितेला चालणारा नव्हता. म्हणून तेथे रिबेका पडून डोक्याला मार लागल्याने मरते. संहितेने प्रेक्षकाला अपराधातील सहभागापासून वाचविले. शेवट सांगून टाकणारा अध्यापक अजाणता हेच करतो. ज्याने निवेदिकेची घुसमट अनुभवलेली नाही, तो मॅक्सिमला क्षणात खुनी ठरवितो. हा निवाडा चुकीचा नाही; पण तो फुकटचा आहे. ‘त्याने सुटावे असे मला का वाटले?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही. म्हणजे देणे माहितीचे नव्हतेच. माहिती देऊन ते फिटत नाही.

भरतमुनींनी औत्सुक्याची गणना व्यभिचारी भावांत केली, स्थायी भावांत नाही. हे येथे उद्‌बोधक ठरते. औत्सुक्य येते आणि जाते. आपल्याहून टिकाऊ अशा एखाद्या भावाला पुष्ट करण्यातच त्याची सार्थकता. उताऱ्यात मात्र हा संचारी पाहुणाच घरधनी होतो. लुईस रोझेनब्लाट यांनी वाचनातून काही बरोबर नेण्यासाठीचे वाचन आणि वाचताना जगण्यासाठीचे वाचन असा जो भेद केला (१९७८), त्याच्या भाषेत बोलायचे तर अध्यापक दुसऱ्या प्रकारच्या वाचनाचे आमिष दाखवून पहिल्या प्रकारचे काम करून घेतो.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. विद्यार्थी इंग्रजी शिकण्यास आला आहे, नीती शिकण्यास नव्हे. त्याला अनुमानवाचक क्रियारूपांचा सराव हवा असेल तर तो देणे हेच अध्यापकाचे कर्तव्य. आक्षेप रास्त आहे. तथापि तो भाषा आणि नीती यांची जी फारकत गृहीत धरतो, ती भाषेलाच मान्य नाही. इंग्रजीतील ‘मस्ट’ अनुमानही सांगतो आणि कर्तव्यही. मराठी विद्यार्थ्याला हे नवे नाही : ‘तो गेला असावा’ हे अनुमान, ‘त्याने जावे’ हा विधी, दोन्हीकडे रूप वाख्याताचेच. आता ‘रिबेका’कडे पाहावे. निवेदिकेचे सारे दुःख एका चुकीच्या अनुमानावर उभे आहे : मॅक्सिमचे रिबेकावर अपार प्रेम असले पाहिजे. कबुलीने ते अनुमान कोसळते आणि त्याच क्षणी प्रश्न पालटतो. काय घडले असावे हे संपते, मी आता काय करावे हे सुरू होते. कादंबरीचा कलाटणीबिंदू म्हणजे जणू एकाच क्रियारूपाचे अर्थांतर आहे. उतारा खिडकीपाशी तोडला, तर विद्यार्थ्याला त्या रूपाचा अर्धाच अर्थ मिळतो. म्हणजे भाषेचा पाठही अपुराच राहतो.

यावरून उतारे शिकवूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. सबंध कादंबरी वाचून घेण्यास वेळ नसतो, हे वास्तव आहे. अपेक्षा मर्यादित आहे. खिडकीच्या प्रसंगाला कबुलीच्या प्रसंगाची जोड द्यावी, आणि दोन्ही वाचून झाल्यावर पहिली प्रास्ताविक टीप पुन्हा विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. ‘दिवंगत पत्नी’ या शब्दांनी काय झाकले होते, ते झाकणे योग्य होते काय, आणि झाकणारा कोण होता, हे त्यांनी विचारावे. टीप नव्याने लिहून पाहावी. ऋण यानेही पुरते फिटणार नाही. पण आपल्यापासून काही राखून ठेवले गेले होते, हे ज्याच्यापासून राखले त्याला कळेल. आणि राखणाऱ्या अध्यापकाला वर्गापुढे त्याचे उत्तर द्यावे लागेल.