न पाहिलेल्या सिनेमावरचं मत

यंदा ‘सिनर्स’ला ऑस्करची १६ नामांकनं मिळाली आणि मी ग्रुपवर ठोकून दिलं, ‘जरा जास्तच झालं.’ सिनेमा पाहिलाच नव्हता. एक ट्रेलर आणि दोन रिव्ह्यू, एवढ्या भांडवलावर.

आमच्या देवणीत हे चालत नाही. वानेरा, बालंक्या, शेवेरा हे देवणी जनावरांचे प्रकार फोटोतही ओळखता येतात, पण बैलाचा भाव विचारला की म्हातारे म्हणतात, ‘आधी चालवून दाखव.’

अंतिम मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेच पाहिजेत, हा नियम ऑस्करवाल्यांनी केला २०२५ मध्ये. म्हणजे तोवर न बघताही चालत होतं! २००४ साली ‘श्वास’ भारताकडून गेला, तेव्हा तिथल्या मतदारांपर्यंत तो पोचावा म्हणून इथल्या लोकांनी पदरचे पैसे दिले होते.

मी कुठं मतदार आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. पण माझा मेसेज वाचून एका मित्रानं सिनेमा बघायचा बेतच रद्द केला.

मग काल रात्री बसलो. १६ अजूनही जास्तच वाटतात. पण कुठली कमी करायची ते आता सांगू शकतो. संगीताचं मात्र नाही.