कलशातली अंबाबाई

कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर शाहूपुरी, दुरुस्तीच्या दुकानात वस्तू काउंटरवर टेकवली की पहिला सवाल ठरलेला: "बॅकअप घेतलाय न्हवं?" हातात धरून खेळायचं यंत्र घेऊन एखादं पोरगं आलेलं असलं तर त्याचा चेहरा इथंच पडतो. त्याचा जीव काचेत किंवा बटणांत नसतोच, तो असतो शे-दोनशे तास खेळून गाठलेल्या टप्प्यात. निन्टेंडो स्विचसारख्या यंत्रात हा टप्पा नेमका कुठं साठतो, हे यंत्र बिघडेपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं. खेळ कार्डावर असतो, खेळाची प्रगती मात्र यंत्राच्या पोटातल्या मेमरीत. वरून घातलेलं मायक्रोएसडी कार्ड काढून घेतलं म्हणजे सगळं सुटलं, हा गैरसमज फार महागात पडतो.

आधी जीव काढून बाजूला ठेवायचा आणि मगच देह दुरुस्तीला द्यायचा. कोल्हापूरला ही रीत नवी नाही.

2015 च्या जुलै-ऑगस्टमध्ये अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन झालं. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि गाभाऱ्यातल्या दमटपणानं दगड झिजला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी तो सांधायचा होता. पण देवीच्या अंगाला हत्यार कसं लावणार? म्हणून आधी कलाकर्षणाचा विधी झाला. मूर्तीतलं देवत्व मंत्रांनी कलशात घेतलं, मूळ मूर्तीचं दर्शन बंद ठेवलं, आणि काम संपल्यावर ते देवत्व पुन्हा मूर्तीत आणलं. एप्रिल 2024 मध्ये पुन्हा संवर्धन निघालं, तेव्हाही मूळ मूर्ती दोन दिवस पडद्याआड होती आणि भाविकांनी दर्शन घेतलं ते उत्सवमूर्तीचं आणि कलशाचं.

हा देवीचा बॅकअपच की, असं कुणी तरुण सहज म्हणेल. हसून सोडून देण्याआधी जरा थांबावं, कारण फरक आहे आणि तो बारीक आहे. बॅकअप म्हणजे नक्कल. ती घेतल्यावर मूळही जागेवर राहतं. कलाकर्षणात नक्कल निघत नाही, असलेलं इथून तिथं जातं. गणपती बसवणाऱ्या कोणत्याही घराला हे वेगळं सांगायला नको. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची जराशी हलवतात. तोवर तो बाप्पा, त्यानंतर माती, म्हणून तर ती पाण्यात सोडता येते.

गंमत अशी की यंत्र बनवणाऱ्यांनाही हा भेद पाळावा लागला. स्विचमध्ये पैसे भरून प्रगती क्लाउडवर ठेवता येते, ती झाली नक्कल. पण एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात प्रगती थेट हलवली, तर पहिल्या यंत्रातून ती पुसली जाते. ते झालं चोख कलाकर्षण! आणि 'पोकेमॉन स्कार्लेट'सारख्या काही खेळांना क्लाउडवर ठेवायची सोयच दिलेली नाही. तिथं खेळाडू एकमेकांशी प्राण्यांची देवघेव करतात. नक्कल काढता आली, तर एकच प्राणी देऊन टाकायचा आणि जुनी नक्कल परत आणून तो स्वतःकडेही ठेवायचा, अशी लबाडी सुरू होईल. ज्याची किंमत एकमेव असण्यात आहे, त्याची प्रत काढू द्यायची नसते. धर्मशास्त्र्यांना हे केव्हाच कळलेलं होतं, कंपनीला धंद्यानं शिकवलं.

मग अवघड प्रश्न उरतो. जी चराचरात भरून आहे म्हणतात, ती दगडातून कलशात जाते म्हणजे काय होतं? जाणार कुठून आणि येणार कुठं? मीमांसकांनी तर देवतेला देहच नाकारला. त्यांच्या लेखी यज्ञात देवता म्हणजे मंत्रातला शब्द. वेदान्ती म्हणेल, सर्वव्यापी तत्त्वाला येणं-जाणं नाही. या पेचातून वाट काढायला विधीचं नावच पुरेसं आहे. शब्द 'देवीकर्षण' नाही, 'कलाकर्षण' आहे. कला म्हणजे अंश, चंद्राची असते तशी. अमावास्येला कला दिसेनाशी होते, म्हणून चंद्र कुठं गेलेला नसतो. कलशात येतो तो आपल्यासाठी प्रकट झालेला अंश. नाव ठेवणाऱ्यानं शब्द मोजून वापरलाय.

त्याच 2015 साली, जून महिन्यात, पुरीत जगन्नाथाचा नवकलेवर विधी झाला. तिथं कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात. जुन्या मूर्तीतला 'ब्रह्मपदार्थ' रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधलेले दइतापती सेवक नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुनी मूर्ती मंदिराच्या आवारात पुरली जाते. त्याआधी हा सोहळा 1996 मध्ये झाला होता. पुरीचा हिशेब सरळ आहे: देह बदला, आतलं तेवढं जपा. खराब यंत्राच्या जागी नवं मिळालं आणि जुनी प्रगती त्यात उतरली, तर गिऱ्हाईक खूश होतं, तसंच हे.

कोल्हापूरला हा हिशेब मान्य नाही. मूर्ती झिजली आहे तर नवीच घडवा, अशी सूचना इथंही अधूनमधून निघते, पण ती आजवर पुढं सरकलेली नाही. परंपरा सांगते की धामधुमीच्या काळात ही मूर्ती कपिलतीर्थाजवळ एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि 1715 मध्ये करवीरच्या संभाजीराजांच्या काळात विजयादशमीला ती पुन्हा देवळात बसवली. नवी घडवणं तेव्हा सोपं होतं, तरी वाट पाहिली ती याच दगडाची. आणि 2015 चं संवर्धन संपल्यावर शहर पेटलं ते कशावरून? देवत्व नीट परतलं की नाही, यावरून नव्हे. मूर्तीच्या मस्तकावरचा नाग आता दिसत नाही, तो कुठं आहे, यावरून.

त्या वादाला राजकारणही चिकटलेलं होतं. ते वजा केलं तरी तक्रार खरी होती. तत्त्व सुखरूप आहे म्हणून देहाकडं काणाडोळा करायला भक्त तयार नव्हता, आणि त्याचंच बरोबर होतं. सारं काही शाबूत असलेलं नवं यंत्र हातात आल्यावरही ते पोरगं जुन्या यंत्राच्या पाठीवरचा ओरखडा शोधतंच. फक्त त्याला तो ओरखडा परत मागता येत नाही, कोल्हापूरनं आपला नाग मागितला.

दर वर्षी 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीचा सूर्य महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात येतो. किरणं पितळी उंबरा ओलांडतात, आभाळ मोकळं असलं तर पहिल्या दिवशी पायांपाशी आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापाशी पोचतात. गर्दी सकाळपासून जागा धरते ती हे बघायला. ती किरणं पडतात याच झिजलेल्या, सांधलेल्या दगडावर.